साठ घोंगड्यांची ऑर्डर आणि सुताचा हिशोब

ही गोष्ट माणदेशातल्या एका गावातली, ऑगस्ट २०२३ पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंतची. गावाचं नाव, माणसांची नावं, घेणाऱ्या रिसॉर्टचं नाव, काहीच देत नाहीये कारण सगळे अजून एकमेकांशी व्यवहार करतायत आणि कुणाला अवघड वाटायला नको. आकडे मात्र काकांच्या वहीतले आणि माझ्या एक्सेलमधले आहेत, ते तसेच ठेवलेत, कारण सगळा घोळ आकड्यांतच झाला होता.

पार्श्वभूमी

काका म्हणजे माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे दोस्त. सणगर समाजातलं घर, आजा-पणज्यापासून घोंगडी विणणारं. पडवीत जमिनीत खड्डा आहे, त्यात पाय सोडून बसायचं आणि समोर माग. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्या घरात, त्याचाही एक माग. गावात आधी बरेच माग होते म्हणतात, मी लहान असताना सहा-सात तरी चालू बघितलेत, आता हे दोनच. काकांचा मुलगा पिंपरीला टेम्पो चालवतो, त्याला विणता येतं पण तो बसत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही हे पुढचे आकडे वाचल्यावर कळेलच.

ज्यांनी घोंगडी फक्त खंडोबाच्या नाहीतर बिरोबाच्या देवळात अंथरलेली बघितलीय त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडची मेंढी दख्खनी. त्यातही लोणंद, संगमनेरी, सोलापुरी म्हणजे सांगोल्याकडची, कोल्हापुरी असे प्रकार धरतात. लोकर जाड, भरड, बहुतेक काळी. मेरिनो या परदेशी मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू वीस-बावीस मायक्रॉनचा असतो, आपल्या मेंढीचा त्याच्या दुप्पट किंवा जास्तच, म्हणून तिचा स्वेटर होत नाही पण घोंगडी होते आणि ती एकदा घेतली की वीस वर्षं हलत नाही. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्धा-पाऊण किलो. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ, जावळाची घोंगडी मिळाली तर लोक आजही जपून ठेवतात. कातरलेली लोकर निवडायची, काटे-कुसळं काढायची, पिंजायची, मग चरख्यावर सूत काढायचं, मग ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे लावायचे आणि त्यांना चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, टरफल काढून, भरडून, शिजवून केलेली ही खळ कुंच्यानं अख्ख्या ताण्यावर मारतात, सकाळी लवकर, गल्लीतच, आणि कडक ऊन लागतं नाहीतर वास येतो. खळीमुळंच घोंगडीला तो ताठपणा येतो. पावसात खोळ करून डोक्यावर घेतली तरी पाणी लवकर आत येत नाही. मग माग.

लोकरीची अवस्था वाईट आहे. पूर्वी व्यापारी दारात यायचे, आता लोकरीला भावच नाही, उलट धनगराला मेंढ्या कातरून घ्यायची मजुरी पदरची द्यावी लागते आणि कित्येक जण कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात. त्यामुळं कळपात मांसासाठीची मेंढी वाढायला लागलीय. जत तालुक्यातली माडग्याळ आता सगळीकडं दिसते, उंच, पांढरी अंगावर तांबूस ठिपके, पोपटासारखं वळलेलं नाक, वजनाला भारी, पण लोकर जवळपास नाहीच. त्यात धनगराचं काही चुकत नाही, त्याला मटणाचा बाजार पैसे देतो, लोकर देत नाही.

काकांकडं सूत यायचं तीन बायकांकडून. एक काकू स्वतः, बाकी दोघी साठीच्या पुढच्या, त्यातली एक सत्तरीची, तिला सगळे आत्याबाई म्हणतात. रेट होता किलोला १२० रुपये. किती वर्षांपासून तोच होता कुणाला आठवत नव्हतं.

ऑर्डर कशी आली

मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते. सहज म्हणून काकांच्या मागाचा आणि घोंगडीचा एक व्हिडिओ टाकला होता, तो फिरत फिरत महाबळेश्वरकडच्या एका रिसॉर्टवाल्यांपर्यंत गेला. त्यांना प्रत्येक खोलीत एक अशी साठ घोंगडी हवी होती, दिवाळीच्या गर्दीच्या आधी. दिवाळी त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती, त्यांनी तारीख दिली ५ नोव्हेंबर. बोलणं झालं ते २८ ऑगस्टला, म्हणजे साधारण सत्तर दिवस.

काका जत्रेत घोंगडी १,५०० ते १,६०० ला विकायचे. मी म्हटलं आपण २,००० सांगू. ते लगेच हो म्हणाले, घासाघीस नाही काही नाही, मला तर वाटलं आपण फार चांगलं काम केलं. १,२०,००० ची ऑर्डर, ३६,००० ॲडव्हान्स. काकांनी बोटावर हिशोब केला: एक घोंगडी दोन दिवसाला निघते, दोन माग, म्हणजे साठ घोंगडी साठ दिवसांत, दहा दिवस वर शिल्लक. मी तोच हिशोब एक्सेलमध्ये टाकला, रंग वगैरे देऊन नीट शीट केली. दर घोंगडीमागं खर्च असा धरला:

लोकर तीन किलो, १५ रुपयांनी ४५. पिंजाई १२०. दोन किलो सूत काढायचे २४०. खळ आणि बारीकसारीक ५०. विणाई, ताणा, खळ मारणं मिळून तीन दिवसांची मजुरी ९००. एकूण १,३५५. म्हणजे नगामागं ६४५ सुटणार.

या शीटमध्ये मागाचे दिवस होते, खळीचे होते, टेम्पोचे होते. सुताला किती दिवस लागतात तो रकानाच नव्हता. मी विचारलंच नाही, काकांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात सूत "असतंच". ते घरात, बायकांच्या रिकाम्या वेळात होतं असं सगळ्यांनी धरलेलं. मी बाई असून मीही तेच धरलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

अडचण

सुरुवातीला काही कळलंच नाही कारण घरात ३० किलो सूत शिल्लक होतं, पंधरा घोंगड्यांचं. दोन्ही माग जोरात. गणपतीत मी गावी गेले तेव्हा नऊ नग तयार होऊन घडी घालून ठेवलेले, काका खुशीत.

१० ऑक्टोबरला काकांचा फोन आला. २२ नग झालेत आणि धाकट्याचा माग बंद पडलाय. मला वाटलं मोडला. म्हणाले, "मोडला न्हाय गं, सूत न्हाय."

शनिवारी गेले आणि पहिल्यांदा काकूंजवळ बसून नीट विचारलं. एक बाई घरचं सगळं बघून, दिवसाचे चार-पाच तास चरख्यावर बसली तर पाव किलो सूत काढते. दोन किलोची घोंगडी म्हणजे एका बाईचे आठ दिवस. साठ घोंगडी म्हणजे १२० किलो, शिल्लक ३० वजा केली तरी ९० किलो, म्हणजे एका बाईचे ३६० दिवस, तिघींचे १२० दिवस, तेही एकही खाडा न करता. आपण तारीख दिली होती सत्तर दिवसांची. हे गणित चौथीतल्या पोराचं आहे, पण ते कुणी मांडलंच नव्हतं.

आणि खाडे तर होणारच होते. सप्टेंबरात बाजरी काढणीला आली. बाजरीच्या काढणीला बाईला दिवसाला ३०० रुपये मिळत होते. सुताला पाव किलोचे ३० रुपये. तीनशे आणि तीस. आत्याबाई सोडल्या तर दुसरी बाई तीन आठवडे रानातच होती, आणि ती का जाणार नाही? काकू म्हणाल्या, "तिला मी कुठल्या तोंडानं बोलवू? मी सोताच गेले आसते, पण ह्यांची आर्डर." चाळीस दिवसांत नवीन सूत निघालं होतं फक्त २० किलो.

आत्याबाईंच्या घरी गेले तेव्हा त्या उंबऱ्याजवळ उजेडाला बसून सूत काढत होत्या. डावा हात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, मागं ओढत नेतो, उजवा हात चाक फिरवतो, आणि धागा जाड-बारीक व्हायला लागला की चाक थांबत नाही, डाव्या हाताची दोन बोटं नुसती थोडी आवळतात आणि धागा परत सरळ. त्या दोन बोटांच्या पेरांवर धाग्यानं चर पडलेत, नखानं ओढावेत तसे. मी पाच मिनिटं प्रयत्न केला, चार वेळा तुटला. त्यांनी तुटलेली टोकं थुंकीनं ओली करून चोळून जोडून दिली आणि म्हणाल्या, "हुईल, दोन वरसानं हुईल." दोन वर्षं. म्हणजे नवीन बाई शिकवून ऑर्डर पूर्ण करायचा विचार तिथंच संपला.

समोर काय काय पर्याय होते

रात्री पडवीत बसलो, काका, काकू, धाकटे काका, त्यांचा एक चुलतभाऊ जो सांगलीकडं कापडाच्या धंद्यात आहे, आणि मी.

पहिला पर्याय त्या चुलतभावानंच काढला: पानिपतचं तयार सूत आणायचं. तिथं जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून त्यापासून सूत आणि ब्लँकेटं बनतात, हा मोठाच धंदा आहे तिथला. स्वस्त, चार दिवसांत ट्रान्सपोर्टनं दारात. ताणा आपला ठेवायचा, बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यांत ते भरायचं. "गिऱ्हाइकाला काय कळतंय?" मला इथं खरं सांगायला पाहिजे, दहा-पंधरा मिनिटं मला तो पर्याय पटला होता. तारीख पाळली जाईल, ॲडव्हान्स परत द्यायचा नाही, काकांचं नाव खराब होणार नाही. त्याच्याकडं नमुन्याची एक लडी होती. काकू आत गेल्या, काडेपेटी घेऊन आल्या. आधी आपल्या सुताचा तुकडा पेटवला. केस जळल्यासारखा वास आला, विझला, बोटानं चुरला तर राख झाली. मग त्या लडीतला पेटवला. तो वितळला, टोकाला काळा टणक मणी झाला, चुरत नव्हता. काकूंनी तो मणी काकांच्या हातावर ठेवला आणि काही न बोलता परत आत गेल्या. काका बराच वेळ तो बोटांत फिरवत बसले. त्यानंतर पानिपतचा विषय कुणी काढला नाही.

माझं म्हणणं असं की मिश्र सुताची घोंगडी विकणं हा गुन्हा नाही, लोक घेतात, स्वस्त पडते. पण आपण व्हिडिओत आत्याबाईंचा चरखा दाखवून ऑर्डर घेतली होती. त्या व्हिडिओवर दुसरं सूत विकणं म्हणजे फसवणूकच.

दुसरा पर्याय, दुसरीकडच्या विणकरांकडून तयार नग विकत घ्यायचे. पट्टणकोडोलीकडं काकांच्या ओळखीचे आहेत, कर्नाटकात कुरुब समाजातले विणकर आहेत, ते कांबळी म्हणतात. हा प्रामाणिक मार्ग होता, रिसॉर्टला सांगून केला असता तर. काकांनी दोन फोन केले, त्यांच्याकडंही तीच रड, सूत नाही, मिळाले असते आठ-दहा नग.

तिसरा, कर्ज काढून जास्त बायका लावायच्या. पीएम विश्वकर्मा योजना नुकतीच १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली होती, गावात त्याचीच चर्चा. मी यादी बघितली, १८ धंदे आहेत, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, टोपल्या-झाडू करणारे, काथ्या विणणारेसुद्धा, पण लोकर विणणारा नाही. विणकरांसाठी वेगळं मुद्रा कर्ज असतं, पण त्यासाठी विणकराचं ओळखपत्र लागतं आणि काकांनी ते कधी काढलंच नव्हतं. म्हणजे या ऑर्डरपुरता हा रस्ता बंद.

चौथा, ॲडव्हान्स परत करून मोकळं व्हायचं. पण ३६,००० मधले बरेचसे लोकर, पिंजाई, मागाची दुरुस्ती आणि दोघांच्या मजुरीत गेले होते.

पाचवा, रिसॉर्टला खरं सांगायचं आणि तारीख, संख्या, रेट तिन्ही परत बोलायचं. सगळ्यांना हेच करायला पाहिजे हे कळत होतं आणि फोन कुणालाच करायचा नव्हता. काका म्हणाले चार दिवस थांब, बघू. असे आठ दिवस गेले. आपण मराठीत अडकलेल्या कामाला भिजत घोंगडं म्हणतो ना, ते का म्हणतात ते खरी भिजलेली घोंगडी उचलून बघितल्याशिवाय कळत नाही, दोन किलोची वस्तू एका माणसाला पिळवत नाही आणि सावलीत राहिली तर दिवसेंदिवस सुकत नाही. ते आठ दिवस वाया गेले आणि पुढं ते महागात पडले.

काय ठरलं आणि कसं केलं

फोनच्या आधी सुताचा रेट ठरवला, हे मात्र बरोबर झालं. काकू म्हणाल्या, आधी बायकांचं ठरवा मग गिऱ्हाइकाशी बोला, नाहीतर त्याचा आकडा ऐकून परत आमचाच कापाल. एवढा साधा मुद्दा इतक्या वर्षांच्या अकाउंट्समध्ये मला कुणी शिकवला नव्हता.

किती द्यायचे यावर वाद झाला. काका म्हणाले २००. काकू म्हणाल्या बाजरीचा विचार करा. पूर्ण दिवसाची मजुरी ३००, चरख्यावर अर्धा दिवस धरला तरी १५० पाहिजेत, पाव किलोला १५० म्हणजे किलोला ६००. पाचपट. काकांचा चेहरा उतरला, कारण मग नगाचा खर्च असा होतो: ४५, १२०, १,२००, ५०, ९००, एकूण २,३१५. म्हणजे आपण २,००० ला मारे महाग विकली म्हणून खूश होतो ती घोंगडी नगामागं ३१५ रुपये तोट्यात होती. आतापर्यंत तो तोटा आत्याबाई भरत होत्या, एवढाच फरक.

६०० ठरले. मग जुन्या सुताचा प्रश्न आला. या ऑर्डरसाठी काढलेल्या २० किलोचा फरक द्यायचा का? धाकटे काका म्हणाले दिलं ते दिलं. काकू हटल्या नाहीत. शेवटी ४८० च्या हिशोबानं ९,६०० द्यायचे ठरले, पैसे येतील तसे. आधीच्या ३० किलोचा फरक मात्र दिला नाही. मला तो निर्णय पटला नव्हता आणि मी तेव्हा गप्प बसले.

२२ ऑक्टोबरला मी रिसॉर्टला फोन केला. मॅनेजर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं, पंधरा दिवस राहिले असताना कुणी असं सांगितलं तर मीही चिडले असते. आठ दिवस आधी सांगितलं असतं तर त्यांनी बाकीच्या खोल्यांची दुसरी सोय आरामात केली असती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकीणबाईंचा फोन आला, त्यांनी शांतपणे विचारलं की किती देऊ शकता आणि कधी, नक्की सांगा. मी एक्सेलच त्यांना पाठवली, दोन्ही हिशोब, १२० चा आणि ६०० चा. पाठवताना हात थांबत होता, आपला खर्च गिऱ्हाइकाला कोण दाखवतं. पण त्याच शीटमुळं बोलणं सरळ झालं. ठरलं असं: ५ नोव्हेंबरपर्यंत ३० नग जुन्या रेटनं २,००० ला, जानेवारीअखेर आणखी २० नग २,९०० ला, उरलेले १० रद्द.

६०० चा रेट गावात कळला आणि आठवड्यात चार बायका आल्या. कुणी नवीन शिकणाऱ्या नव्हत्या, पंचेचाळीस-पन्नाशीच्या, लहानपणी आईजवळ बसून शिकलेल्या आणि परवडत नाही म्हणून सोडलेल्या. माळ्यावरून चरखे खाली काढले, एकाची चात, म्हणजे सूत गुंडाळणारी लोखंडी काडी, वाकलेली, एकाचं चाक वाळवीनं खाल्लेलं, सुताराकडून चारही दुरुस्त करून घेतले, ४,२०० रुपये लागले. दोघींचा हात आठ-दहा दिवसांत बसला. मला तेव्हा कळलं की कसब गावातून गेलं नव्हतं, रेटमुळं माळ्यावर जाऊन बसलं होतं.

बायकांची नावं लेबलवर घालायची कल्पना मी काढली होती. एकीनं स्पष्ट सांगितलं, "नाव ऱ्हाऊ द्या, दर शनवारी पैसं द्या." दर शनिवारी वजन करून पैसे द्यायला सुरुवात केली, ते आजपर्यंत चुकलेलं नाही.

आणखी एक चूक, घाईतली

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख गाठायला शेवटच्या नगांचा ताणा ढगाळ दिवशी खळला. काका नको म्हणत होते, पाऊस परतीचा, दोन दिवस थांबू. मी तारखेचं सांगून घाई केली. खळ नीट सुकली नाही. ३० नग वेळेत पोचले, पण दहा-बारा दिवसांत चार परत आले, कुबट वास येतोय, एकावर बुरशीचा पांढरा डाग. ते चारही बदलून दिले.

त्याशिवाय तीन घोंगडी त्यांच्या लाँड्रीत गरम पाण्यात मशीनला टाकली गेली. लोकर गरम पाण्यात घुसळली की तंतू एकमेकांत अडकून आवळतात, आठ फुटाची घोंगडी सहा फुटाची होऊन पुठ्ठ्यासारखी झाली. त्यांनी फोटो पाठवले. चूक लाँड्रीवाल्याची म्हणता येईल, पण घोंगडी धुवायची कशी हे आपण त्यांना कुठं सांगितलं होतं? वर्षातून एकदा, गार पाणी, रिठा, आपटायचं नाही, पिळायचं नाही, उन्हात पसरून वाळवायचं. धनगराच्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही. हॉटेलात सांगावं लागतं. त्या तिन्हीचा तोटा त्यांनी सोसला, तो त्यांचा मोठेपणा.

आणि खरखर. काही पाहुण्यांनी टोचते म्हणून तक्रार केली. ती टोचणारच, ती अंगाला लावून घ्यायची वस्तूच नाही, खाली अंथरायची नाहीतर सुती चादरीवरून घ्यायची. हेही आधी सांगायला पाहिजे होतं.

निकाल

जानेवारीचे २० नग २७ तारखेलाच गेले, या वेळी सोबत मराठीत आणि इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी, धुण्याची आणि वापरायची. त्यातला एकही परत आला नाही. शेवटचं पेमेंट फेब्रुवारीत आलं.

पैशाचं असं झालं. आले ६०,००० आणि ५८,०००, म्हणजे १,१८,०००. गेले: लोकर-पिंजाई-खळ १०,७५०. सूत ४५,६००, त्यात जुन्या ३० किलोचे ३,६०० आणि बाकी ७० किलोचे ४२,०००, फरकाचे पैसे धरून. विणाई ४५,०००. चरखे ४,२००. बदलून दिलेले चार नग ९,२६०. एकूण १,१४,८१०. उरले ३,१९० आणि ते टेम्पोच्या डिझेलला गेले.

म्हणजे नफा शून्य. काकांच्या मुलानं हे बघून मान हलवली. पण यात एक गोष्ट आहे, पहिल्यांदाच या घरातल्या धंद्यात प्रत्येक हाताला मजुरी मिळून हिशोब शून्यावर आला. त्याआधी तो नफ्यात दिसायचा तो बायकांच्या फुकटच्या हातांवर. मला विचाराल तर आधीचे नफ्याचे सगळे हिशोब खोटे होते.

आता घोंगडी ३,२०० ला जाते. गिऱ्हाईक कमी झालंय, जत्रेत तर या भावाला कुणी घेत नाही, तिथं मशीनची ब्लँकेटं पाचशेला मिळतात. महिन्याला सहा-सात जातात, जास्त करून फोनवरून. सात बायकांपैकी दोघी सुगीत येत नाहीत, बाकी पाच कायम.

परत करायचं झालं तर

ऑर्डर घेताना पहिला प्रश्न माग किती हा नाही, सूत किती हा विचारला असता. आता काकूंची वेगळी वही आहे, त्यात शनिवारी कुणाचं किती वजन झालं ते लिहिलेलं असतं, आणि काका फोनवर तारीख द्यायच्या आधी ती वही मागतात. मार्चमध्ये एका कंपनीची भेटवस्तूंसाठी शंभर नगांची चौकशी आली होती, दीड महिन्यात हवे होते. वहीत १४ किलो होतं. नाही म्हणून सांगितलं, सात देतो म्हटलं, त्यांनी नाही घेतले.

अडचण दिसली त्या दिवशीच फोन केला असता. आठ दिवस थांबून काही सूत निघालं नाही, फक्त समोरच्या माणसाचा वेळ गेला.

ढगाळ दिवशी खळायला भाग पाडलं नसतं. खळ कधी मारायची हे पुण्यात बसून ठरवायची गोष्ट नव्हती, आणि काका मला नाही म्हणू शकले नाहीत कारण ऑर्डर मी आणली होती. बाहेरून मदत करायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला पाहिजे, समोरचा माणूस उपकाराखाली असला की त्याचा "नको" फार हळू येतो.

आणि त्या ३० किलोचा फरक. १४,४०० रुपये होतात. त्यातलं निम्मं सूत आत्याबाईंचं होतं. परत तो विषय काढायचा असं मी आणि काकूंनी ठरवलंय, दर नगामागं शंभर रुपये बाजूला टाकून.

लोकरीचं मात्र काही सुटलेलं नाही. आम्हाला काळी दख्खनी लोकर देणारे दोनच कळप जवळ उरलेत. १५ चा भाव आम्ही ४० केला, कातरणीची मजुरीही आम्ही देतो. पण अर्ध्या किलो लोकरीचे वीस रुपये आणि माडग्याळ कोकराचे बाजारातले हजारो, यात आमचे वीस रुपये कुठं पुरणार. गेल्या दिवाळीनंतर मेंढरं चारणीला बाहेर पडली तेव्हा त्यातल्या एका कळपात नवीन नर होता, उंच, पांढरा, अंगावर तांबूस ठिपके.